साडेदहाच्या आत निघायचे होते

पहाटेचे करडेपण सरले तरी शेडमध्ये ऊन शिरायला अवकाश होता. पत्र्याला खिळ्यांची जुनी भोके होती, तिथून आधी नुसता उजेड आला. रंग नसलेला, वजन नसलेला, पाहुण्याने दाराशी यावे आणि आत जावे की नाही या विचारात घुटमळावे तसा. मग कुंपणापलीकडच्या गोदामाच्या छपरावर सूर्य चढला आणि त्या भोकांतून उन्हाच्या बारीक काठ्या तिरप्या खाली उतरल्या. त्यांतली एक गाडीच्या टपावर टेकली. तिथला सायीच्या रंगाचा लेप उडाला होता आणि खालचा तपकिरी गंज नकाशातल्या बेटासारखा दिसत होता. काठी त्या बेटावरून सावकाश सरकली, पुढच्या काचेवर आली, काचेवरच्या धुळीत थोडी पसरली, आणि अखेर आत उतरून चालकाच्या आसनावर पडली. आजोबांच्या तीस वर्षांच्या बसण्याने त्या आसनात जो खळगा पडला होता तो त्यांच्यामागे भरून आला नव्हता. उन्हात धुळीचे कण तरंगत होते. ते वर जात नव्हते, खालीही येत नव्हते. त्यांना कुठेच पोचायचे नव्हते.

त्याला मात्र पोचायचे होते. नकाशे काढणाऱ्या सरकारी कचेरीत त्याला साहाय्यकाची जागा मिळाली होती. कचेरी पाच तासांच्या वाटेवर, आणि आज दुपारी चारच्या आत स्वतः जाऊन हजेरीपटावर सही केली नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराकडे जाणार होती. म्हणजे साडेदहाच्या आत निघायला हवे. पुस्तकांच्या दोन पेट्या, गादीची वळकटी आणि टेबलावरचा दिवा कालच मागच्या आसनावर चढले होते. ही बातमी त्याने महिन्यापूर्वी घरात एकेकाला वेगवेगळी सांगितली होती. सांगून झाल्यावर तो थोडा वेळ तिथेच उभा राही. समोरचे माणूस "छान झालं" म्हणे, आणि मग त्याला तिथून हलावे लागे.

आता त्याने किल्ली फिरवली होती आणि गाडी सुरू झाली नव्हती. खोकली नाही, कण्हली नाही, साधे टक्‌ झाले नाही. बारा दिवसांपूर्वी हीच गाडी बाजाराच्या पेठेपर्यंत जाऊन आली होती.

"लागली का?" आत्याने विचारले. दातांत आकडे धरून, केसांचा अंबाडा वळत ती शेडपर्यंत आली होती. भावंडांत ती थोरली. चौतीस वर्षे तिने दवाखान्यात औषधे बांधून दिली होती आणि त्यामुळे जगातल्या सगळ्या बिघाडांचे मूळ पोटात असते असे तिचे मत झाले होते.

"नाही."

"पोट साफ नसेल. कितीक दिवस नुसती बसून आहे. बसून राहिलं की माणसाचंसुद्धा तसंच होतं."

तिच्या मागोमाग थोरले काका आले, हातात चष्म्याची डबी घेऊन. ते वजनमापांचे निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. उभ्या हयातीत त्यांनी इतके खोटे तराजू पाहिले होते की समोर आलेला प्रत्येक माणूस मापात पाप करतो, हे गृहीत धरूनच ते बोलायला सुरुवात करत. त्यांच्यापाठोपाठ बाबा आले. बाबा घड्याळे दुरुस्त करत. डोळ्याला लावायचे भिंग कपाळावर तसेच चढलेले होते, त्यामुळे त्यांना तिसरा डोळा फुटल्यासारखा दिसत होता.

दोघे भाऊ गाडीच्या दोन बाजूंना उभे राहिले. अकरा दिवस झाले, ते एकमेकांशी बोलत नव्हते. आजोबांच्या वस्तूंची वाटणी झाली त्या दुपारी बाकी सगळे सुरळीत पार पडले आणि गाडीपाशी अडले. काका म्हणाले, मी थोरला. बाबा म्हणाले, तिला जिवंत मी ठेवली. अखेर आत्याने निकाल दिला होता, "मौनीबाबा नोकरीला निघालाय ना, तो घेऊन जाईल. तुमच्या दोघांच्या डोळ्यांसमोर तरी राहणार नाही." मौनीबाबा म्हणजे तो. त्याला गाडी हवी आहे का, हे कुणी विचारले नव्हते. त्यानेही ते सांगितले नव्हते, आणि नावाला जागून गप्प बसला होता.

"ताई," काका गाडीच्या टपाकडे बघत म्हणाले, "त्याला विचार, काल संध्याकाळी शेडमध्ये दिवा कशाला लागला होता."

"ताई, त्याला सांग," बाबा म्हणाले, "दिवा दिसला म्हणजे बघणाराही इथेच घुटमळत होता."

"मी काय टपालखातं आहे?" आत्या म्हणाली. "दोन हातांवर उभे आहात एकमेकांपासून. पोराला चारच्या आत पोचायचंय. किती वाजले आत्ता?"

हा प्रश्न या घरात विचारायचा नसतो. दुरुस्तीला आलेली चाळीसेक घड्याळे भिंतींवर होती आणि प्रत्येकाचा आजार निराळा होता. आतून एकाने सातचे ठोके दिले, दुसऱ्याने अकराचे, आणि एक लंबकाचे घड्याळ तीन ठोके देऊन मध्येच विचारात पडले.

"आठ वाजून दहा मिनिटं," बाबा मनगटाकडे बघून म्हणाले.

"ताई, माझ्यात सव्वाआठ आहेत."

"त्याला सांग, त्याच्यात पाच मिनिटांची खोट आहे. जन्मापासूनची."

आत्याने गाडीच्या बॉनेटवर हात टेकला आणि डोळे मिटले. मग ती कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला बोलवायला स्वतःच निघून गेली.

ती जाऊन येईपर्यंत तो गाडीच्या पुढे उभा होता, बॉनेटला पाठ लावून. त्याचे कारण कुणाला ठाऊक नव्हते. सगळ्यांच्या आधी, एकटा असताना, त्याने बॉनेट उचलून पाहिले होते. करड्या उजेडात एवढेच दिसले की बॅटरीची एक वायर सोडलेली आहे. ती घट्ट करायला अर्धे मिनिट पुरले असते. त्याने बॉनेट हलकेच खाली टेकवले, आवाज होऊ न देता, आणि तो दाराशी जाऊन उन्हाकडे बघत राहिला. कुणीतरी मुद्दाम सोडली आहे, एवढाच विचार त्याच्या मनात होता, आणि तो विचार त्याला इतका उबदार वाटत होता की त्याला हात लावून तो थंड करावा असे त्याच्या जिवावर आले.

मिस्त्री आला. आजोबांच्या वेळेपासून तो या गाडीचा वैद्य होता. त्याच्या खांद्यावर फडके होते, ते हात पुसायच्या कामी कमी आणि बोलण्यात विराम घ्यायला जास्त यायचे.

"सेल्फ मारा, छोटे मालक."

त्याने किल्ली फिरवली. काही नाही.

मिस्त्रीने बॉनेट वर केले, आत बघितले आणि फडक्याने कपाळ टिपले. "अर्थची वायर निघालीय," तो म्हणाला. "म्हणजे निघालेली नाही, काढलीय. आणि काढणारा मोठा निगुतीचा माणूस आहे. हे बघा."

बॅटरीशेजारच्या पत्र्यावर पांढऱ्या कागदाचा एक चौकोन पसरला होता. त्यावर नट, वॉशर आणि कडी, लहानापासून मोठ्यापर्यंत, डावीकडून उजवीकडे ओळीने मांडून ठेवलेले होते. कागदाचे चारही कोपरे उडू नयेत म्हणून किंचित दुमडलेले होते.

सगळ्यांनी बाबांकडे पाहिले. कपाळावरच्या तिसऱ्या डोळ्यासह बाबा खाली बघू लागले.

बाबा. ज्यांनी ती बातमी ऐकून भिंगातून डोळासुद्धा वर केला नव्हता, ते बाबा संध्याकाळी दिवा लावून इथे आले होते.

"का काढलीत?" त्याने विचारले. त्या सकाळी तो आपणहून बोललेले हे पहिले वाक्य.

"का म्हणजे?" बाबा म्हणाले. "ताई, माझी खात्री होती. पोरगं निघायच्या आत हा पहाटे उठून गाडी घेऊन पसार होणार. सासुरवाडीला नेऊन लपवली असती यानं. मी नुसती खबरदारी घेतली. सकाळी लावणारच होतो, पण एका गिऱ्हाइकाचं घड्याळ मध्येच बंद पडलं आणि डोक्यातून गेलं."

"ऐकलंस ताई?" काका म्हणाले. "मला चोर म्हणतोय."

"म्हणत नाही, म्हणालो."

मिस्त्रीने वायर जोडली. आता सेल्फ फिरला. घर्र घर्र घर्र करत गाडी घसा खाकरत राहिली, पण पुढे बोलेना. मिस्त्रीने एक प्लग काढून लोखंडाला टेकवला आणि पुन्हा सेल्फ मारायला सांगितले. ठिणगी पडली नाही. मग त्याने एका काळ्या टोपणाच्या दोन्ही चाप उघडले, आत पाहिले, आणि या वेळी फडक्याने सबंध तोंड पुसले.

"रोटर नाही," तो म्हणाला. "अंगठ्याएवढा तुकडा असतो, इथं फिरतो, चारी प्लगना करंट वाटतो. तो आपल्या पायांनी चालत जात नाही."

कुंपणापलीकडे एक हातगाडी खडखडत गेली. काकांनी चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला. तेव्हा आत्याच्या ध्यानात आले की चष्मा डोळ्यांवर आहे आणि तरी डबी सकाळपासून हातातच आहे.

"दे इकडे," ती म्हणाली.

"काय?"

"डबी."

"यात खाजगी कागद आहेत."

"डबीत कागद? दे."

काकांनी डबी दिली. आत मखमलीवर रोटर निजला होता. त्याला सुती दोरा आडवा-उभा बांधून गाठीवर लाखेचा ठिपका दिला होता, आणि दोऱ्याला अडकवलेल्या चिठ्ठीवर काकांच्या ठसठशीत अक्षरात लिहिले होते: 'एक नग. काळा. जप्त केल्याची तारीख', आणि पुढे तारीख, वेळ, वजन.

"वजन केलंस?" आत्याने विचारले.

"वजन न करता कुठलीही वस्तू ताब्यात घेता येत नाही. नंतर कोणी म्हणालं झिजवलीस, तर?"

त्याने काकांकडे पाहिले. लहानपणी काका त्याला रविवारी दुकानांच्या तराजूंवर चढवून हसवत असत. कदाचित बाबा नसतील, काका असतील. त्याने चिठ्ठीची मागची बाजूही वाचून पाहिली. ती कोरी होती.

"हा माणूस," काका बाबांकडे बोट दाखवत आत्याला म्हणाले, "गाडी शेडबाहेर ढकलून इथं आपली फुटकी घड्याळं भरणार होता. पोरगं जायच्या आधीच. शेडची मोजमापं घेताना मी पाहिलंय याला. गाडी जागची हलली नाही तर घड्याळं कुठे ठेवेल?"

"गाडी ढकलायला रोटर लागत नाही, थोरले," मिस्त्री सौम्यपणे म्हणाला.

काका विचारात पडले. "ते माझ्या लक्षात आलं नाही," ते म्हणाले. त्यांच्या नोकरीच्या काळातही त्यांनी अशीच पुष्कळ मापे जप्त केली असावीत.

लाख फोडून रोटर जागी बसवला गेला. आतल्या घड्याळांपैकी कुणीतरी नऊ वाजवले, आणि या खेपेला बाबांनी मान डोलावून दुजोरा दिला. त्याने किल्ली फिरवली. गाडी लागली. इंजिनचा आवाज शेडभर पसरला, पत्रे थरथरले, उन्हातली धूळ एकदम सैरावैरा धावली. काकांच्या चेहऱ्यावर हसू येऊ लागले तोच गाडी कापरी झाली आणि बंद पडली. त्याने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच.

"श्वास आहे, अन्न नाही," मिस्त्री म्हणाला. "पेट्रोल पोचत नाही. टाकीत आहे ना?"

"परवाच डबा आणून ओतलंय," बाबा म्हणाले.

"मी म्हटलंच होतं, पोट," आत्या म्हणाली. मग ती पुढे झाली, बॉनेटखाली हात घालून नळीवरचा पितळी कॉक तिने चार बोटांनी सहज फिरवला, आणि हात पदराला पुसला. "आता बघ."

बॉनेटपाशी उभे असलेले तिघेही पुरुष तिच्याकडे बघत राहिले.

"तो बंद होता?" बाबा म्हणाले.

"रात्री बंदच असतो. मी करते."

"कधीपासून?"

"माझी खोली शेडला लागून आहे. रात्रभर पेट्रोलचा वास. साडेनवाला कॉक बंद करायचा, सकाळी उठलं की उघडायचा. अकरा वर्षं झाली असतील. आज तुमच्या टपालात राहून गेलं."

"रोज सकाळी उघडतेस?" काकांनी विचारले. त्यांचा आवाज हळू झाला होता. नोकरीत, दुकानदार घाबरून स्वतःहून बोलू लागला की त्यांचा आवाज असाच होत असावा.

"एखाद्या दिवशी राहतं. माणूस आहे मी."

"ताई, माझ्या बढतीची मुलाखत होती. सहा वर्षांपूर्वी. गाडी फाटकापर्यंत गेली आणि बंद पडली. मी पायी धावत गेलो. पोचलो तेव्हा शिपाई खुर्च्या उचलत होता."

आत्या आठवू लागली. "त्या दिवशी माझं डोकं दुखत होतं," ती म्हणाली.

सहा वर्षे काकांची ठाम समजूत होती की ती गाडी बाबांनी बिघडवली. आदल्या दिवशी बाबा तिचे घड्याळ दुरुस्त करायला आत शिरले होते. हा आरोप दिवाणखान्यातल्या दर भांडणात निघे, पाहुण्यांसमोर निघे, आजोबांच्या आजारपणातही एकदा निघाला होता. काका वळले. अकरा दिवसांनी त्यांनी आपल्या भावाकडे सरळ पाहिले.

"तू नव्हतास तर."

"सहा वर्षं तेच सांगतोय, दादा."

"मग जोरात सांगायचंस."

"जोरात सांगितलं तेव्हा तू म्हणालास, ओरडतो म्हणजे खोटं बोलतो."

"तसं माझ्या अनुभवात आहे खरं," काका म्हणाले, आणि मग दोघेही एकाच वेळी आत्याकडे वळले. आता गाडीच्या एका बाजूला दोन भाऊ होते आणि दुसऱ्या बाजूला एकटी बहीण.

"बघता काय असे?" ती म्हणाली. "वास येत होता म्हटलं ना. दोन पुरुष घरात, एकाला तरी नाक आहे का?"

तो स्टिअरिंगवर हात ठेवून आत बसला होता. आत्याने केलेले त्याच्यासाठी नव्हते, हे तर अकरा वर्षांच्या हिशोबाने उघड होते. तरी त्याने मनाशी एक तोकडी वाट शोधली: रोज उघडते आणि आजच विसरली. मग त्याची त्यालाच लाज वाटली.

गाडी पुन्हा लागली, या वेळी जरा अधिक टिकली, आणि गुदमरल्यासारखी होऊन बंद पडली. मिस्त्री आता बॉनेटकडे गेलाच नाही. तो मागे गेला, उकिडवा बसला आणि त्याने सायलेन्सरच्या तोंडापुढे तळहात धरला. "मारा परत." सेल्फ घरघरला. "हवा नाही. कुणीतरी बोळा कोंबलाय. चांगला घट्ट."

"मी नाही," काका म्हणाले.

"मी तर मुळीच नाही," बाबा म्हणाले.

"माझ्याकडे बघू नका," आत्या म्हणाली.

तो गाडीतून उतरला. स्वयंपाकघराची खिडकी शेडच्या बाजूला उघडत असे, आणि तिथे आईची सावली डब्याचे झाकण लावताना दिसत होती. सकाळपासून ती एकदाही बाहेर आली नव्हती. न बोलता करून मोकळे होणे हा तिचाच स्वभाव. तो त्याच्याकडे तिच्याकडूनच आला होता. त्याला वाटले, आता पळत आत जावे आणि तिला म्हणावे, कळलं मला.

मिस्त्रीने दोन बोटांनी टोक पकडून ओढायला सुरुवात केली. आधी एक बाही आली, काजळीने काळी झालेली. मग कॉलर, मग एकामागून एक बटणे, मग दुसरी बाही. जादूगाराने पेटीतून रुमाल काढावेत तसा सबंध शर्ट बाहेर आला. निळ्या चौकड्यांचा, खिशावर शाईचा डाग असलेला.

"हा माझा आहे," तो म्हणाला. "हा मी न्यायला काढून ठेवला होता."

"तो कॉलरला पार विरला होता रे." आई आली होती. एका हातात डबा, दुसऱ्यात पाण्याची बाटली. "तिकडे नवे घे. बोळा काढलात ना? मी तेच सांगायला आले."

"तू घातलास?" त्याने विचारले.

"मग कोण घालणार? कुंभारीण माशी आत घर करत होती. चार दिवस बघतेय, चिखलाची गोळी आणते आणि पाइपात शिरते. एकदा का तिनं घर बांधलं की लिंपून बसते. म्हटलं, तू जायच्या दिवशी खोळंबा नको."

"खोळंबा नको म्हणून," तो म्हणाला.

"हो. आणि सांगणार कुणाला? यांना सांगितलं तर भावजींना वाटणार मी पक्षात आले. भावजींना सांगितलं तर हे दोन दिवस जेवणार नाहीत. ताईंना सांगितलं असतं तर त्यांनी कुंभारणीला जुलाबाचं औषध दिलं असतं."

बाबा आधी हसले. मग काका, मग आत्या, तीही डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मिस्त्रीने फडक्यात तोंड लपवले. चौघांनी चार बाजूंनी गाडी बंद केली होती आणि चौघांनाही तिने आजच सुटावे असेच वाटत होते, हे प्रत्येकाला आता उमगले होते, आणि त्याची त्यांना अतोनात मौज वाटत होती. आईसुद्धा बाटली गालाला लावून हसत होती. तोही हसला. न हसणे फार ठळक दिसले असते.

त्यानंतर गाडी पहिल्याच फिरकीला लागली. कुठे कापरे नाही, कुठे खोकला नाही. मिस्त्रीने कान लावून ऐकले, एक स्क्रू केसभर फिरवला आणि म्हणाला, "आता ही तुम्हाला नेईल. काही राहिलं नाही तिच्यात."

"किती वाजले?" आत्याने विचारले.

"नऊ चाळीस," दोघे भाऊ एकदम म्हणाले, आणि दोघांच्या घड्याळांचे कधी जुळले याचे नवल करत एकमेकांच्या मनगटाकडे बघत राहिले.

मग उपदेश झाले. दुसरा गिअर टाकताना तिला जरा सबूर दे. चढावर हट्ट करू नकोस. रात्री कॉक बंद करत जा, सवय चांगली आहे. पोचलास की कळव. आईने डबा शेजारच्या आसनावर ठेवला, तो घसरू नये म्हणून त्याला शर्टाचा न धुतलेला बोळा टेकू म्हणून दिला, आणि काच अर्धी वर केली. सगळे खिडकीशी वाकले होते. त्याने पहिला गिअर टाकला नाही. इंजिन चालू होते आणि तो स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसला होता. पाव मिनिट गेले असेल.

"काय रे, काही विसरलास?" आई म्हणाली.

"नाही."

"मग निघ. उन्हं चढतील."

"निघ, निघ," काका म्हणाले. "वेळेआधी पोचलं की साहेबावर छाप पडते."

त्याने गाडी शेडबाहेर काढली. फाटकातून वळताना त्याने आरशात पाहिले. ते चौघे आता शेडच्या मोकळ्या जमिनीवर उभे होते, तेलाच्या डागाभोवती. काकांनी दोन्ही हात पसरून भिंतीपासून भिंतीपर्यंत काहीतरी मापून दाखवले. बाबा मान हलवत होते. आत्याने बोट उचलले. आई मिस्त्रीला पाणी देत होती. गाडीच्या आवाजातून शब्द ऐकू येत नव्हते, पण हात बोलत होते: जागा कोणाची, घड्याळे किती, आणि वास कुणाच्या खोलीत. कुणी रस्त्याकडे बघत नव्हते.

गोदामाच्या कोपऱ्यावर त्याने दुसरा गिअर टाकला. गाडीने तो बिनबोभाट घेतला. समोर रस्ता सरळ होता, वेळ हाताशी होता, गाडीत काही दोष उरला नव्हता, आणि दोष शोधायला आता त्याच्याखेरीज कुणी नव्हते. कुणीतरी 'जाऊ नकोस' म्हणावे, एवढ्यासाठीच तो जायला निघाला होता.